नऊ नंबरची खूण

हावळमास्तरांचा कॅन्सर दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेदहाला कुटुंबाच्या ग्रुपवर यायचा.

यायचा तो खरं तर नुसता आकडा, पण ग्रुपवर या दोन्हींत फरक करायची पद्धत नव्हती. ‘हावळ परिवार, इचलकरंजी’ या ग्रुपात एक्केचाळीस माणसं होती. त्यातली सहा-सात कोण, हे मास्तरांना, म्हणजे रामलिंग हावळांना, समोर उभी केली तरी सांगता आलं नसतं. पण मास्तरांच्या मूत्राशयात काय चाललंय हे त्या सहा-सात जणांनाही मास्तरांच्या आधी कळायचं, कारण साडेदहाला मास्तर आंघोळीला जात. ही सोय मुलानं करून दिली होती. प्रसन्न पुण्यात असतो. हॉस्पिटलच्या ॲपात ‘निकाल कुटुंबीयांना कळवावा का?’ अशी एक चौकट होती, तिच्यावर त्यानं वडिलांना न विचारता टिचकी मारली होती. प्रेमापोटी.

पहिला आकडा आला चारशे बारा. त्यावर एकोणतीस जणांनी हात जोडले. केमोथेरपी सुरू झाल्यावर दुसरा आला, सत्त्याण्णव, आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. मेहुणे सुभाषराव रोज डब्यातून गव्हांकुराचा रस पाठवत होते. त्यांनी आकडा आपल्या नावावर घेतला. पत्नी उज्ज्वलाबाईंनी चौंडेश्वरीला नवस बोलला होता. प्रसन्ननं ‘योग्य वेळी योग्य निर्णय’ असं लिहून स्वतःचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, म्हणजे इतरांनी लिहावं. केमोथेरपीचं नाव कोणी घेतलं नाही. ती ग्रुपवर नव्हती.

तिसरा आकडा अठरा. चौथा एकोणीस, पाचवा पुन्हा अठरा. औषधं संपली आणि सहावा आला तो वीस. तेव्हा मात्र हे काम एकट्या मास्तरांचं ठरलं.

“दाजी, रस अनशापोटीच घेतासा नव्हं?” सुभाषरावांनी फोनवर विचारलं.

“अनशापोटी.”

“आणि वर चहा?”

मास्तरांनी हातातला कप हळूच बशीत ठेवला. तो वाजला.

“तिथंच घोळ झालाय बघा,” सुभाषराव म्हणाले. शेकडो वर्षं गूढ राहिलेला एक रोग त्यांच्या बाजूनं मिटला होता.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हे. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये ते अडतीस वर्षं रंगमास्तर होते. व्यापारी चिमटीएवढा कापडाचा तुकडा आणून टाकायचा आणि म्हणायचा, असा रंग दहा हजार मीटरला पाहिजे. मास्तर तुकडा घेऊन उत्तरेच्या खिडकीशी जायचे, डोळे किलकिले करायचे आणि कुठली पूड किती ग्रॅम, हे सांगायचे. पुढं त्या कामाला यंत्रं आली. यंत्र चुकलं की मास्तरांना बोलवायचे. एवढी वर्षं रंगात काढून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कधी ठिपका पडला नाही, ही त्यांची गावातली ख्याती. जुन्या काळी पुडीच्या पिंपांवर नाव नसायचं, आणि त्यातल्या काही पुड्या माणसाच्या मूत्राशयात जाऊन काय करतात हे नंतर कळलं. ख्याती बाहेरच्या ठिपक्यांपुरतीच होती.

आजार निघाला तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टर नाझनीन मुजावरांनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

“पेशी मरते तेव्हा तिच्यातला डीएनए फाटतो, आणि चिंध्या रक्तात पडतात. सगळ्यांच्याच पडतात, मास्तर. तुमच्या, माझ्या, बाहेरच्या वॉचमनच्या. एक चिंधी फार तर पावणेदोनशे अक्षरांची. तास-दोन तासांत शरीर ती झाडून टाकतं.”

“मग त्यातली माझ्या गाठीची कुठली, हे कसं कळायचं?”

“तुम्ही चिंधी बघून मिल ओळखता की नाही?”

ओळखत होते. मास्तरांनी उदाहरणावर हरकत घेतली नाही.

“गाठीच्या डीएनएत काही दोष असतात, तुमच्या बाकी शरीरात नसलेले. विणताना राहिलेले म्हणा. दुर्बिणीतून तुमची गाठ खरवडून काढली, तिच्यातले असे सोळा दोष लॅबनं निवडलेत. या सोळा खुणा फक्त तुमच्या. दर पंधरवड्याला दोन नळ्या रक्त घ्यायचं आणि लाखो चिंध्यांत त्या शोधायच्या; सापडतील त्यांची बेरीज म्हणजे तुमचा आकडा. गाठ स्कॅनवर दिसायला वाटाण्याएवढी तरी व्हावी लागते. चिंध्या त्याच्या कितीतरी महिने आधी दिसतात.”

मास्तरांना हे फार आवडलं. आजार आपला असला म्हणून त्यातली कारागिरी आवडू नये असं थोडंच आहे.

पण या कारागिरीवर एक गोष्ट टांगलेली होती. पूर्वी असा कॅन्सर स्नायूत शिरला की बहुतेकदा मूत्राशय काढूनच टाकत. आता, २०४१ साली, औषधांनंतर दुर्बीण आणि स्कॅन स्वच्छ असले आणि रक्तही स्वच्छ आलं, तर मूत्राशय ठेवत. रक्त स्वच्छ नसेल तर काढायचं. मग आतड्याचा एक तुकडा घेऊन पोटावर तोंड करायचं, तिथं पिशवी लावायची. पिशवी भरली की रिकामी करायची. जन्मभर.

मास्तरांची दुर्बीण स्वच्छ होती, स्कॅन स्वच्छ होता. आकडा वीस होता. सहाव्या निकालाबरोबर ॲपानं ऑपरेशनची तारीखही पाठवली: पुढच्या महिन्याचा दुसरा गुरुवार. ग्रुपवर हात जोडले गेले.

मास्तर मरणाला फारसे भीत नव्हते. ते सगळ्यांनाच असतं. पिशवीला भीत होते. चारचौघांत ती गळली आणि पांढऱ्या शर्टावर डाग पडला, तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. तेच नको होतं.

तारीख आली त्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले.

“आकडा आणि लाल रंग एवढंच येतंय मला,” ते म्हणाले. “ह्याच्या मागं अजून काही कागद असतील की.”

“सात पानं आहेत. कुणी मागत नाही.”

“मी मागतोय. आणि लाल कधी म्हणतात, तेही सांगा.”

“सोळापैकी दोन किंवा जास्त खुणा सापडल्या तर लाल. एखादी यंत्राच्या चुकीनंही दिसते, म्हणून एकटी खूण धरत नाहीत.”

मास्तरांनी सहाही निकालांची सात-सात पानं छापून घेतली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती उत्तरेच्या खिडकीखाली जमिनीवर मांडली.

“अहो, आकडे वाचायला उत्तरेचा उजेड कशाला?” उज्ज्वलाबाईंनी दारातून विचारलं.

“सवय आहे.”

“नाश्ता गार झाला. ही पण सवयच.”

सातव्या पानावर सोळा खुणा ओळीनं होत्या, प्रत्येकीपुढं तिचा आकडा. मास्तरांनी तिसऱ्या निकालापासून सुरुवात केली, कारण आकडा अडला तो तिथून. तेरा खुणा उडाल्या होत्या. शून्य, शून्य, शून्य. उरल्या होत्या फक्त तीन. चार नंबरची: नऊ, नऊ, आठ, नऊ. अकरा नंबरची: सात, सात, सात, सात. नऊ नंबरची: दोन, तीन, तीन, चार.

मास्तर डोळे किलकिले करून बसले. रंग उडतो तेव्हा कमी-जास्त उडतो, पण उडतो. तेरा रंग धुवून निघाले आणि तीन जागचे हलले नाहीत, असं कापडात होत नाही. असं एकाच ठिकाणी होतं.

“अगं,” ते म्हणाले, “हा रंग कापडाचा नाहीच. भांड्याचा आहे.”

“नाश्ता,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

मास्तर दुसऱ्याच दिवशी कोल्हापुरात.

“डॉक्टर, गडद निळा काढलेल्या भांड्यात पुढं फिकट लॉट घ्यायचा असला, तर आम्ही आधी कोरं पांढरं कापड नुसत्या पाण्यात चालवून बघतो. कापड निळसर निघालं तर रंग भांड्याला लागलेला आहे, हे समजायचं. नाहीतर पुढं लॉटला शिव्या बसतात आणि लॉटचा दोष नसतो. माझं कोरं कापड चालवलं होतं का?”

डॉक्टरांनी आधी हसायची तयारी केली होती. मग त्या हसल्या नाहीत. सातवं पान पडद्यावर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

“भांडं म्हणजे रक्त,” त्या हळू म्हणाल्या. “रक्तपेशी मज्जेतल्या मातृपेशींपासून होतात. साठी आली की त्यातल्या एखादीत दोष पडतो, आणि तिचं कुटुंब वाढत जातं. अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांत असतं हे. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. पण त्या पांढऱ्या पेशीही मरतात, त्यांच्याही चिंध्या पडतात. आणि त्या गाठीतही शिरलेल्या असतात, म्हणजे खरवडलेल्या तुकड्यातही त्यांचे दोष दिसणार, गाठीचेच असल्यासारखे.”

“मग वेगळे कसे काढायचे?”

“तुमच्या आजच्या पांढऱ्या पेशींचा नमुना शेजारी ठेवून.” त्यांनी आणखी चार पानं मागं जाऊन बघितली. “तो ठेवलेलाच नाही. वेळ वाचवायला लॅबनं तुलनेचा नमुना तुमच्या आरोग्यकार्डावरून उचललाय. २०२९चा.”

“तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो.”

“हो. रक्तही.”

“बारा वर्षं जुन्या नमुन्याशी आजचा लॉट जुळवला,” मास्तर म्हणाले. “मिलमध्ये एवढ्यावर माणूस घरी जातो, डॉक्टर.”

“इथं अहवाल जातो,” डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी रक्ताची एक नळी जास्त घेतली.

पुढचे बारा दिवस मास्तर गल्लीत पाठ ताठ करून हिंडले. त्यांनी सुभाषरावांना रस बंद करायला सांगितलं. प्रसन्नला फोनवर भांडं आणि कापड समजावून सांगितलं. प्रसन्न म्हणाला, “पप्पा, त्यांची सिस्टीम जगभर वापरतात,” आणि मास्तर म्हणाले, “निळा रंगही जगभर वापरतात.” उज्ज्वलाबाईंना त्यांनी चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, “म्हणजे पिशवी नाही?”

“नाही.”

त्या आत गेल्या, आणि आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. भांडी सकाळीच घासून झाली होती.

मंगळवारी दहा वाजता मास्तर डॉक्टरांसमोर बसले होते. या वेळी निकाल आधी आपल्याला कळावा, अशी त्यांची इच्छा होती.

“चार आणि अकरा पांढऱ्या पेशींत सापडल्या,” डॉक्टर म्हणाल्या. “भांड्याच्याच होत्या. तुम्ही बरोबर होता. मी लॅबला लिहिलंय. यापुढं जुना नमुना घेणार नाहीत.”

“आणि नऊ?”

“नऊ त्यांत नाही सापडली.”

साडेदहा वाजले. मास्तरांचा फोन खिशात थरथरला, मग पुन्हा, मग थांबेचना.

“अहवाल हिरवा गेलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन खुणा बाद केल्या. चौदापैकी एक उरली. एक धरत नाहीत. ऑपरेशनची तारीख सिस्टीमनं आपोआप राखीव यादीत टाकलीय, रद्द नाही केली.”

“आज नऊ किती आहे?”

“पाच.”

“पहिले दोन निकाल दाखवा.”

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पहिल्या निकालात चार नंबर नऊ होता, अकरा नंबर सात. दुसऱ्यातही तेच. औषधाला त्यांनी भीक घातली नव्हती. नऊ नंबर पहिल्या निकालात चाळीस होता. दुसऱ्यात अकरा. मग दोन, तीन, तीन, चार, पाच.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यानं आकडे बदलले नाहीत. चाळीसचे दोन झाले, म्हणजे औषधानं तो रंग धुतला होता. धुतला जातो तो कापडाचा. आणि आता तो परत चढत होता.

रंगमास्तराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात: आजचा लॉट कालच्या लॉटशी जुळवायचा नाही, मूळ नमुन्याशी जुळवायचा. कालच्याशी जुळवलं की रोज केसभर फरक पडतो, रोज चालून जातो, आणि महिन्यानं लालाचा गुलाबी झालेला असतो. मास्तरांनी ही चूक करणाऱ्या चार जणांना कामावरून काढलं होतं. आणि स्वतः तिसऱ्या निकालापासून वाचायला बसले होते. दोन-तीन-तीन-चार बघून मनात म्हणाले होते, चालून जाईल.

“मला तिन्ही भांड्याच्या पाहिजे होत्या,” ते म्हणाले. “म्हणून तिन्ही तशा दिसल्या.”

डॉक्टरांनी पडदा परत आपल्याकडे वळवला.

“थांबता येतं का?”

“येतं. सहा आठवडे. नियमात बसतं. दुर्बीण, स्कॅन स्वच्छ आहेत. ती एक खूण यंत्राची चूकही असेल.”

“चूक दर पंधरवड्याला त्याच दारात येती काय?”

“नाही येत,” डॉक्टर म्हणाल्या. “एकदा येते, मग दुसऱ्या दारात.”

“आणि सहा आठवड्यांत ती मूत्राशयाच्या बाहेर गेली तर?”

“मग मूत्राशय काढून उपयोग नसतो.”

“आधीच गेली असेल तर?”

“ते कुठलंच यंत्र सांगत नाही. रक्तात चिंधी दिसते, गाव दिसत नाही. पण मागच्या वेळी लघवीचाही नमुना घेतला होता, त्यात नऊ नंबर भरपूर आहे. म्हणजे निदान घर मूत्राशयातच आहे.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “मास्तर, नियमानं मी तुम्हाला घरी पाठवू शकते. कुणी मला विचारणार नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय.”

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. ती पश्चिमेची होती, कामाची नव्हती.

“राखीव यादीत टाकलेली तारीख,” ते म्हणाले, “ती परवाचीच ना?”

इचलकरंजीच्या एसटीत त्यांनी फोन बघितला. एकशे चौदा निरोप. ग्रुपवर फुलं, फुगे, एक नाचणारा हत्ती. सुभाषरावांनी लिहिलं होतं की बंद केलेल्या रसाचा परिणाम शरीरात पंधरा दिवस राहतो. प्रसन्ननं वडिलांच्या चिकाटीवर मोठा परिच्छेद लिहिला होता, तो वाचताना मास्तरांना स्वतःबद्दल आदर वाटला आणि लगेच गेला. त्यांनी टाइप केलं: ‘ऑपरेशन गुरुवारी होईल.’

ग्रुप थांबला. मग प्रसन्नचा फोन आला.

“पप्पा, काय चाललंय? रिपोर्ट पास आहे.”

“रिपोर्ट पास आहे,” मास्तर म्हणाले. “मी पास केलेला नाही.”

“पण तुम्हीच तर म्हणत होता, खुणा भांड्याच्या आहेत.”

“दोन होत्या. तिसरी माझी.”

“तुम्ही घाबरून निर्णय घेताय.”

“घाबरून तर थांबणार होतो, बाळा.” शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. मास्तर आवाज उतरवून म्हणाले, “तू बुधवारी ये. येताना हात जोडून येऊ नको, दोन दिवस राहायला ये.”

पलीकडं लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग प्रसन्न म्हणाला, “येतो,” आणि पहिल्यांदाच त्यापुढं काही सुचवलं नाही.

घरी उज्ज्वलाबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी ग्रुप वाचला होता. मास्तर खुर्चीवर बसले आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं: चाळीस, अकरा, दोन, तीन, तीन, चार, पाच. आपली चूकही सांगितली. ती सांगायला त्यांना जास्त वेळ लागला.

“म्हणजे पिशवी,” त्या म्हणाल्या.

“पिशवी.”

“न काढता चाललं असतं?”

“कदाचित. लोकांचं चालतं. मला चालवून घेता येईना.”

त्यांनी हात पुसले. रडतील असं मास्तरांना वाटलं, आणि त्याची त्यांनी एसटीत तयारीही केली होती.

“कुठल्या अंगाला असती ती?” त्यांनी विचारलं.

“उजव्या. बेंबीच्या खाली.”

उज्ज्वलाबाई आतल्या खोलीच्या दारात जाऊन पलंगाकडं बघत उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षं त्या मास्तरांच्या उजव्या अंगाला झोपत होत्या. डाव्या अंगाला भिंत होती.

“मी हात टाकला की त्या पिशवीवर पडंल,” त्या म्हणाल्या. “मला डाव्या बाजूला यायला पाहिजे. आणि भिंतीकडनं मला उठता येणार नाही, माझे गुडघे.”

“मग?”

“मग काय. पलंग हलवायचा.”

दुपारचे दोन वाजले होते. स्वयंपाकघरात फोन वाजत राहिला, तो कोणी उचलला नाही. पलंग सागवानी होता, लग्नातला, आणि इतक्या वर्षांत त्याला कोणी जागा बदलायला सांगितलं नव्हतं. दोघांनी दोन टोकं धरली. तो वीतभर सरकला आणि अडला. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“दम लागला,” ते म्हणाले. “पेशंट आहे मी.”

“ते गुरुवारी,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या. “आज मंगळवार हाय. आज धडधाकट हाईसा. लावा जोर.”